दार बंद झालं, पाचारण नाही

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये १६:६-१५



तरुणांच्या संगतीत एक प्रश्न वारंवार येतो. "दादा, देव मला परदेशात सेवेसाठी बोलावतोय असं वाटतं, पण जिथे प्रयत्न करतो तिथे दार बंद. मग ते पाचारण खरं, की माझ्याच मनाचा खेळ?"

हा प्रश्न माझाही आहे. बायको आणि मी तीन वर्षं यासाठी प्रार्थना करतोय. गेल्या वर्षी एका संस्थेकडून नकार आला. इकडे खोपोलीत आई-बाबांचं वय होत चाललंय. म्हणून आजचा भाग मी आधी स्वतःसाठी वाचला.

दोन बंद दारं

पौल, सीला आणि तीमथ्य प्रवासात आहेत. त्यांना आशियात वचन सांगायचं आहे. हा आपला आशिया खंड नव्हे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेकडचा तो एक रोमन प्रांत होता. पवित्र आत्मा त्यांना अडवतो. मग ते उत्तरेला बिथुनियाकडे वळतात. तिथेही मनाई. शेवटी ते त्रोवसला पोहोचतात, आणि पुढे समुद्र!

लक्षात घ्या, पौलाचं पाचारण आधीच झालेलं होतं. अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून त्याला पाठवलं होतं (अध्याय १३). पाचारण खरं होतं, तरी दोन रस्ते बंद झाले. म्हणजे बंद रस्त्यावरून पाचारण खोटं ठरत नाही.

त्रोवसला रात्री पौलाला दृष्टांत होतो. मासेदोनियाचा एक माणूस मदतीसाठी विनवणी करतोय. त्याला नकाशा दिसत नाही, माणूस दिसतो. ऑनसाइटची हौस आणि पाचारण यांतला फरक मला इथे कळतो. हौसेत मला देश दिसतो, पाचारणात मला त्या देशातला गरजू माणूस दिसतो.

दहाव्या वचनात आणखी एक गोष्ट आहे. इथपर्यंत लूक "ते" असं लिहितो, इथून "आम्ही" सुरू होतं. दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण देव कुठे बोलावतोय हे सगळ्यांनी मिळून ठरवलं.

आणि फिलिप्पैमध्ये कोण भेटतं? लुदिया, जांभळी वस्त्रं विकणारी. ती थुवतीराची, म्हणजे त्याच आशिया प्रांतातली जिथे पौलाला जाऊ दिलं नव्हतं! पुढे एकोणिसाव्या अध्यायात तो त्याच प्रांतात, इफिसात, दोन वर्षं शिकवतो. ते दार कायमचं बंद नव्हतं, वेळ आली नव्हती.

वसईचा एक मुलगा

आमच्या मंडळीत संतांबद्दल फारसं बोललं जात नाही. पण आपल्याच किनाऱ्यावरच्या एका माणसाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. संत गोन्सालो गार्सिया. वसईतलं त्यांच्या नावाचं कॉलेज तुमच्यापैकी काहींना माहीत असेल.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिक्षण झालं आणि कोवळ्या वयातच ते त्यांच्यासोबत जपानला गेले. तिथे जपानी भाषा शिकले, लोकांना धर्मशिक्षण दिलं. येशूसंघात सामील व्हायची फार इच्छा होती, पण त्यांना घेतलं गेलं नाही. मग ते व्यापारात उतरले आणि त्यात जमही बसला. पण मन लागेना. पुढे फिलिपिन्समध्ये, मनिलाला, ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले.

१५९३ मध्ये मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत एक शिष्टमंडळ जपानला निघालं. त्यांना जपानी जाणणारा माणूस हवा होता, आणि गोन्सालो तिथे होते! नकाराच्या आधीची आणि नंतरची सगळी वर्षं उपयोगी पडली. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर ते दुभाषी म्हणून उभे राहिले. क्योतोमध्ये या बंधूंनी कुष्ठरोग्यांची सेवा केली.

शेवट मात्र गोड नाही. १५९६ च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं गेलं. त्यांत गोन्सालो होते. पाचारण म्हणजे सुखाची हमी नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मागे जाऊन पुढे

खोपोलीकरांना एक गोष्ट माहीत आहे. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीला आली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. समोर बोरघाट दिसतो, पण रूळ संपतात. ट्रेनने पुण्याला जायचं तर आधी उलट दिशेने कर्जतला जावं लागतं. घाट चढणारी गाडी तिथे मिळते. कर्जतला जाणारा माणूस पुण्याचा विचार सोडून देत नाही, तो पुण्याच्याच वाटेवर असतो.

मित्रांनो, तुमची नोकरी, शिकत असलेली भाषा, आजारी आईची काळजी, हे सगळं कदाचित तुमचं कर्जत असेल. तोवर रिकामं बसू नका. आमच्या भागातल्या कारखान्यांत परराज्यांतून कामगार येतात. त्यांच्याशेजारी बसून त्यांच्या भाषेतली चार वाक्यं शिकलात तरी दूरदेशीच्या सेवेचा पहिला धडा सुरू झाला. आणि देवाने शेवटपर्यंत इथेच ठेवलं, तर ते पाचारण काही कमी दर्जाचं नाही.

मननासाठी

१. मला देश दिसतो की माणूस?
२. माझं पाचारण मी कोणासोबत तपासून पाहिलं आहे?
३. आज जिथे आहे तिथे देव मला काय शिकवतोय?

प्रार्थना

प्रभू येशू, तू बंद केलेल्या दारावर आम्ही डोकं आपटत बसू नये आणि तू उघडलेल्या दारासमोर भिऊन थांबू नये. वाट पाहण्याच्या दिवसांत आम्हाला विश्वासू ठेव. आमच्या आई-बाबांना तुझ्या हातात देतो. तू म्हणशील तिथे, तू म्हणशील तेव्हा. आमेन.