वॉर्डातली सर्वांत खालची पायरी

एमबीबीएसची साडेचार वर्षं संपली की वर्षभराची इंटर्नशिप. नावाआधी 'डॉक्टर' लागतं, काम मात्र बरंचसं हमालीचं. सरकारी रुग्णालयात ते वर्ष काढलं त्याला आता बराच काळ झाला. तेव्हा न उमगलेलं थोडंफार आता उमगतंय.

१. जागरणाने माणूस थकतो, असं मला वाटायचं. खरं थकवायचं ते कारण न कळलेलं काम. सॅम्पल घेऊन लॅबपर्यंत धावायचं, रिपोर्ट आणायचा, पुन्हा धावायचं. एका रात्री मधुमेहाचा पेशंट केटोअ‍ॅसिडोसिसमध्ये आला. जेआर, म्हणजे आमच्या वरचा ज्युनियर रेसिडेंट (निवासी डॉक्टर), जाता जाता म्हणाला, "पोटॅशियम बघितल्याशिवाय इन्सुलिन सुरू करायचं नाही. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. आधीच कमी असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात." सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. लॅब तेवढीच लांब, जिने तेवढेच; पण त्या रात्री मी हमाल नव्हते. माझं समाधान इतकं स्वस्तात मिळेल असं वाटलं नव्हतं.

२. खेकसणारा सीनियर मुळात खडूस असतोच असं नाही. (कधी कधी असतो.) हाच जेआर सकाळच्या राऊंडला विनाकारण अंगावर यायचा. तो आदल्या दिवसापासून झोपलेलाच नसायचा, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. निवासी डॉक्टरांना शक्यतो सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, आठवड्याला ४८ तास, असं केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत लिहिलंय. हॉस्टेलवर हे कुणीतरी मोठ्याने वाचलं, तेव्हा सगळ्यात जास्त हसला तो तोच.

३. शिकवणारे सगळेच प्राध्यापक नसतात. नस सापडेना म्हणून मी घामाघूम झाले होते, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हात आधी खाटेखाली लोंबू द्या, डॉक्टर. मग बघा." नस फुगून वर आली. कुठला पेशंट कुठल्या गावचा आणि त्याच्यासोबत कोण आलंय, हे मात्र वॉर्डातल्या मावशींनाच विचारावं लागायचं.

४. कामाचं समाधान ही काहीतरी उदात्त गोष्ट आहे अशी माझी समजूत होती. ते ड्यूटीरूमच्या कडीवरही अवलंबून असतं. आमच्या खोलीला कडी नव्हती. आम्ही मुली दाराला आतून स्टूल लावून झोपायचो आणि यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटतही नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती सेमिनार हॉलमध्ये जरा विसाव्याला गेली होती. बातमी वाचताना मला ते स्टूल आठवलं. त्याहून जास्त आठवलं ते आमचं गप्प बसणं. कडी मागणारी 'नाजूक' ठरली असती, आणि नाजूक ठरण्याची आम्हाला फार भीती.

५. जिथे नाक मुरडत गेले, तिथेच जीव रमला. प्राथमिक आरोग्य केंद्राची पोस्टिंग म्हणजे 'नीट-पीजी'चे एमसीक्यू सोडवायला मोकळा वेळ, एवढाच माझा हिशेब होता. मोठ्या रुग्णालयात पेशंट डिस्चार्ज कार्ड घेऊन गेला की गेला. पुढे त्याचं काय झालं, देव जाणे. इथे बीपीच्या गोळ्या नेलेल्या आजी पुन्हा यायच्या, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवायच्या आणि वर 'किती वाळलीस गं' म्हणून मलाच दटावायच्या. एमसीक्यू फारसे सुटले नाहीत.

६. घरी यातलं काही सांगता येत नाही. आईच्या लेखी लेक डॉक्टर झाली होती, नातेवाइकांचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडत होते. तुमच्या घरात कुणी इंटर्न असेल, तर सल्ले राहू द्या. इमर्जन्सी करून आल्यावर जेवायला वाढा आणि झोपू द्या. मावसकाकांचा एक्स-रे संध्याकाळी दाखवला तरी चालतो.