रासायनिक कारखाने आणि अपघातनिवारणाचे नियम

नियम हा शब्द ऐकतांच पुष्कळांच्या मनांत प्रथम अडचणीचा विचार येतो. नियम पाळावयाचा तो कोणी तरी पाहत आहे म्हणून, अशीही समजूत आढळते. ही समजूत शाळेंत फारशी महाग पडत नाहीं; परंतु ज्या कारखान्यांत विषारी द्रव्यांचा सांठा असतो, तेथें तिची किंमत हजारों निरपराध माणसांस द्यावी लागते. हें कसें घडतें तें आपण भोपाळ येथील दुर्घटनेच्या उदाहरणानें पाहूं, व नंतर आपल्या देशांत या बाबतींत कोणते नियम झाले त्यांचा विचार करूं.

१. काय घडलें?

भोपाळ शहरांत युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीचा कीटकनाशकें तयार करण्याचा कारखाना होता. त्या कामीं मिथाइल आयसोसायनेट नांवाचें अत्यंत विषारी द्रव्य लागत असे. हें द्रव्य सुमारें ३९ अंश सेल्सियस उष्णमानास उकळूं लागतें. त्यांत पाणी मिसळलें म्हणजे मोठी उष्णता उत्पन्न होते व कार्बन डायऑक्साइड वायु बाहेर पडतो; आणि बंद टाकींत असें झाल्यास आंतील दाब भराभर वाढत जातो. म्हणून हें द्रव्य थंड ठेवणें आणि त्यास पाण्याचा स्पर्श होऊं न देणें, हे दोन नियम सर्वांत मुख्य होत.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं ६१० क्रमांकाच्या टाकींत पाणी शिरलें. टाकींत सुमारें ४० टन द्रव्य होतें. पाणी कसें शिरलें याविषयीं मतभेद आहे. नळ धुतांना तें आंत गेलें असें कित्येकांचें मत आहे. तर कोणी तरी तें मुद्दाम घातलें असें कंपनीचें म्हणणें होतें. मध्यरात्रीनंतर दाब अनावर होऊन टाकीची झडप उघडली, आणि तो वायु शेजारच्या वस्त्यांवर पसरला. लोक गाढ झोपेंत होते. वायूमुळें ३,७८७ माणसें मृत्यु पावल्याचें मध्यप्रदेश सरकारनें नोंदविलें. कित्येक संस्थांनीं याहून पुष्कळ मोठे आंकडे दिले आहेत. इजा झालेल्यांची संख्या पांच लाखांहून अधिक होती.

२. संरक्षणाचीं साधनें कोठें होतीं?

असा प्रसंग येऊं शकेल हें कारखाना बांधणारांस ठाऊक नव्हतें काय? ठाऊक होतें, म्हणूनच त्यांनीं एकापाठीं एक अशीं साधनें उभारलीं होतीं. टाकी थंड ठेवण्यास शीतयंत्र होतें. बाहेर पडणारा वायु कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानें धुवून निर्विष करणारें यंत्र होतें. उरलेला वायु जाळून टाकण्यासाठीं उंच ज्वालास्तंभ होता. शेवटीं पाण्याचे फवारे होते.

आतां त्या रात्रींची स्थिति पाहा. शीतयंत्र जून महिन्यापासून बंद होतें. द्रव्याचें उत्पादन ऑक्टोबरांत थांबल्यामुळें वायु धुण्याचें यंत्र चालू ठेवलेलें नव्हतें. ज्वालास्तंभाकडे जाणाऱ्या नळाचा गंजलेला तुकडा काढून ठेवलेला होता. फवारे सुरू झाले, पण वायु ज्या उंचीवरून निघत होता तेथपर्यंत त्यांचें पाणी पोंचेना. यंत्रें चालू असतीं तरी एवढा मोठा लोंढा त्यांस पुरता आवरला नसता, असेंही तज्ज्ञ सांगतात. परंतु टाकी थंड असती, तर तो लोंढा इतक्या वेगानें उठलाच नसता.

यांतील एकही गोष्ट कोणीं लोकांस मारण्याच्या हेतूनें केली नाहीं. खर्च वांचावा म्हणून एक साधन बंद झालें. उत्पादन थांबलें म्हणून दुसरें. दुरुस्ती व्हावयाची म्हणून तिसरें. प्रत्येक वेळीं "दुसरीं साधनें आहेतच" असें म्हणतां येत होतें. अशा रीतीनें एकेक सवलत घेत गेल्यावर शेवटीं दुसरें कोणतेंच साधन उरलें नाहीं. रात्रीं साडेअकराच्या सुमारास डोळे झोंबूं लागल्यामुळें गळती होत असल्याचें कामगारांस समजलें होतें. परंतु चहा झाल्यावर पाहूं असें ठरलें, हें त्यांनींच पुढें सांगितलें. लहानसहान गळतीची संवय झालेल्या ठिकाणीं मोठ्या गळतीचीही भीति वाटत नाहीं.

पूर्वसूचना मिळाल्या नव्हत्या असेंही नाहीं. डिसेंबर १९८१ मध्यें याच कारखान्यांत फॉस्जीन वायूनें एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील मूळ कंपनीच्या तपासनिसांनीं येथें येऊन अनेक दोष दाखविले होते. राजकुमार केसवानी या पत्रकारानें त्याच वर्षीं वृत्तपत्रांतून शहरास धोक्याची सूचना दिली होती.

३. पुढें झालेले नियम

या दुर्घटनेनंतर १९८६ सालीं पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. १९८७ सालीं कारखान्यांच्या कायद्यांत धोकादायक प्रक्रियांविषयीं नवें प्रकरण घालण्यांत आलें. धोका जवळ आला असें वाटल्यास तशी सूचना देण्याचा हक्क त्यानें कामगारांस दिला. १९८९ सालीं धोकादायक रसायनांचें उत्पादन, सांठवण व आयात यांविषयीं नियम झाले, आणि १९९६ सालीं रासायनिक अपघातांच्या वेळची व्यवस्था ठरविणारे नियम झाले.

या सर्व नियमांचें सार थोडक्यांत असें सांगतां येईल. पहिलें, आपल्या आवारांत कोणतें द्रव्य किती आहे हें कारखानदारानें जाणावें व अधिकाऱ्यांस कळवावें. दुसरें, अपघात कसा होऊं शकेल याचा आधींच विचार करून तो टाळण्याची तजवीज करावी. तिसरें, कारखान्याच्या आंत काय करावयाचें याची योजना कारखानदारानें तयार ठेवावी, व बाहेरच्या वस्तीसाठीं अधिकाऱ्यांनीं ठेवावी. चौथें, या योजनांची रंगीत तालीम व्हावी: आंतील योजनेची दर सहा महिन्यांनीं, बाहेरील योजनेची वर्षांतून निदान एकदां. पांचवें, ज्यांस धोका पोंचण्याचा संभव आहे त्या शेजाऱ्यांस तो धोका व त्या वेळीं काय करावें, हें आधींच सांगावें.

पांचव्या कलमाचें महत्त्व भोपाळच्या लोकांस विचारावें. बाहेरच्या वस्तीसाठीं असलेला भोंगा त्या रात्रीं थोडा वेळ वाजून बंद झाला. तो पुन्हां वाजूं लागला तेव्हां फार उशीर झाला होता. वायु कोणता व त्यावर उपचार काय, हें शहरांतील डॉक्टरांसही ठाऊक नव्हतें. ओल्या फडक्यानें नाकतोंड झांकावें, वाऱ्याबरोबर धांवूं नये, एवढी साधी माहितीही लोकांस कोणीं दिलेली नव्हती.

४. नियम आणि पालन

नियम झाले म्हणजे काम संपलें असें नाहीं. १४ जुलै २०१० रोजीं मुंबईस शिवडी भागांत, बंदराच्या आवारांत वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन वायु गळूं लागला, व शंभराहून अधिक लोकांस बाधा झाली. त्यांत विद्यार्थीही होते. त्या वेळीं नियम होऊन वीस वर्षें लोटलीं होतीं. सिलिंडर मात्र जागचे हललेले नव्हते.

नियमपालनाची खरी अडचण अशी कीं, त्याचें फळ डोळ्यांस दिसत नाहीं. शीतयंत्रास लागणारा पैसा हिशेबाच्या वहींत रोज दिसतो. त्यामुळें टळलेला अपघात कोणत्याच वहींत लिहिला जात नाहीं. म्हणून जेथें पुष्कळ दिवस कांहीं घडलेलें नसतें तेथेंच नियम सैल होऊं लागतात. जो मनुष्य कांहीं घडत नसतांनाही झडप तपासतो, मापकावरील आंकडा खरा आहे कीं नाहीं हें पाहतो, आणि शंका येतांच काम थांबवितो, तो शेजारच्या निजलेल्या मुलांचें रक्षण करीत असतो. त्याचे आभार मानावयास कोणी येत नाहीं.

तुमच्यापैकीं कित्येक जण पुढें अशा कारखान्यांत रसायनज्ञ, इंजिनियर, कामगार अथवा तपासनीस होतील. तेव्हां हें ध्यानांत असूं द्या. पालकांसही विनंती आहे कीं, आपल्या वस्तीजवळ असा कारखाना असल्यास तेथें कोणतें द्रव्य आहे, धोक्याचा भोंगा कसा वाजतो, व त्या वेळीं दारेंखिडक्या लावून घरांत थांबावयाचें कीं वाऱ्यास आडवें होऊन दूर जावयाचें, याची चौकशी शांततेच्या दिवसांतच करून ठेवावी. हें विचारण्यांत कोणावर अविश्वास दाखविल्यासारखें होत नाहीं. शेजाऱ्यानें विचारावें व कारखानदारानें सांगावें, हें नियमांसच धरून आहे.

अभ्यासार्थ प्रश्न

१. भोपाळच्या कारखान्यांतील चार साधनें कोणतीं? त्या रात्रीं प्रत्येकाची स्थिति काय होती?
२. "दुसरीं साधनें आहेतच" हा विचार धोक्याचा कां?
३. आपल्या गांवाजवळ कोणत्या रसायनांचा सांठा आहे, हें घरच्या वडील माणसांच्या साहाय्यानें शोधून लिहा.