मामांची उधारी आणि संगणकाच्या दोन पिढ्या

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे हा थोडा आगाऊपणाच. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत बालाघाटला मामांकडे गेलो असता जे घडले, त्यामुळे या विषयात शिरावे लागले.

मामांचे तांदळाचे दुकान आहे. दुकानातील संगणकावर विंडोज एक्सपी ही २००१ सालची प्रणाली होती. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबविल्या होत्या. मामांचे म्हणणे एकच, "चालून राहिलं ना, मंग कायले बदलाचं?" अखेर यंत्रानेच मान टाकली. उधारीची यादी पेनड्राइव्हवर होती, ती मी माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर उघडली. रकमा जशाच्या तशा, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला! जणू पैसे मीच बुडविले, अशा नजरेने मामा पाहू लागले.

यादी कृतिदेव टंकात होती. विंडोज ९५ च्या काळी प्रणालीला देवनागरी ठाऊकच नव्हती. म्हणून इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी चित्र बसविण्याची युक्ती निघाली. 'राम' लिहिले तरी संगणक आत जे, के, ई हीच अक्षरे साठवी. टंक नसला की तीच बाहेर येत. युनिकोडने प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक दिला आणि विंडोज २००० मध्ये देवनागरीची, तर एक्सपीमध्ये कन्नडचीही सोय झाली. म्हणजे मामांच्या यंत्रात नवी सोय होती. हात मात्र जुन्या वळणाचे होते.

मी कृतिदेव टंक बसविला. नावे दिसली, पण ती अकारविल्हे लागेनात, कारण आतला क्रम इंग्रजीचा. मग सगळी यादी युनिकोडमध्ये बदलून घेतली. येथे खरी मेख आहे: कृतिदेवात 'कि' लिहिताना वेलांटी आधी व क नंतर, युनिकोडमध्ये उलट. जोडाक्षरे तर काही ठिकाणी पार बिघडली.

नव्या प्रणालीची भूकही मोठी. विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरे. विंडोज ११ ला ४ गिगाबाइट लागते, म्हणजे १०२४ पट. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय नसलेली यंत्रे ती अधिकृतपणे स्वीकारत नाही. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा कितीतरी धडधाकट यंत्रे जमाखर्चात एकदम म्हातारी झाली. घसाऱ्याच्या धड्यात 'कालबाह्यता' हा शब्द मी नुसता पाठ केला होता!

दोन दिवस मामा व मी एकेक नाव ताडून पाहत होतो. शेवटी तीन नावे लागेनात. ती मामांनी रकमेवरून ओळखली.