भुकेच्या वेळचा मोह

वाचावयाचा भाग : मत्तय ४:१–११, लूक ४:१३

मोह म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे दारूचे दुकान किंवा पत्त्यांचा अड्डा उभा राहतो. या गोष्टी वाईट आहेतच. परंतु आजच्या भागात सैतानाने प्रभूपुढे पहिल्याने काय ठेवले ते पाहा. भाकर! चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाने भाकर खाणे यात पाप कोणते? मोह बहुधा रास्त गरजेचे तोंड घेऊन येतो, आणि आपण अगदी थकलो असतो त्या घटकेस येतो.

पिंगळीच्या एका बंधूचे असेच झाले. कापसाचे पैसे हाती येण्यास अवकाश होता, आणि मुलीच्या शाळेची फी तर द्यावयाची होती. अशा वेळी एक गृहस्थ त्यास म्हणाले, "परभणीस रजिस्ट्रीला चला, खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही करा, तुमचे काय ते देऊ." व्यवहार त्याने पाहिला नव्हता. लिहून देणार एक वृद्ध विधवा होती. कागदात काय आहे हे तिला कळले होते की नाही, हेही त्यास ठाऊक नव्हते. तो मजकडे आला तेव्हा, "खोटी सही करू का?" असे त्याने विचारले नाही. "मुलीची फी भरू नको का?" असे विचारले. मला चटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. शेवटी एवढेच म्हटले की, दादा, मंडळीत उभे राहून आपण जी देतो तिलाही साक्षच म्हणतात.

त्याने सही केली नाही. मुख्याध्यापकांकडे जाऊन महिन्याची मुदत मागितली, ती मिळाली. त्या गृहस्थांनी मात्र त्याच्याशी बोलणे सोडले, आणि लहान गावात ही काही थोडी शिक्षा नव्हे.

नारायण वामन टिळकांचे चरित्र पुष्कळांस ठाऊक आहे. १८९३ साली आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या दोहोंच्या मध्ये त्यांस मागे ओढणारी गोष्ट वाईट नव्हती. पत्नीवरील व मुलावरील प्रीती होती. ती दोघे दुरावली. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला खरा. परंतु १८९५ साली टिळकांस हे कोठे ठाऊक होते? पुढे १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. पगार घेणे हे पाप नव्हे, मीही घेतो. आणि टिळकांच्या उदारपणाचा भार घरात कोणी वाहिला, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात वाचावे, म्हणजे त्यांचे अनुकरण करण्यापूर्वी आपण घरी विचारू.

आता प्रभूच्या उत्तरांकडे वळू. ती तिन्ही अनुवादाच्या ६ व्या व ८ व्या अध्यायांतील आहेत. रानात भुकेल्या झालेल्या लोकांची आठवण ज्यात आहे, तेच हे अध्याय. ती वचने उपासाच्या चाळिसाव्या दिवशी पाठ केलेली नव्हती. घरात धान्य असते तेव्हाच हे दोन अध्याय मुलांकडून वाचून घ्यावे. उपदेशक बंधूंनी सुगीच्या दिवसांत हे काम हाती घेतल्यास बरे. लूक आणखी सांगतो की, सैतान प्रभूला सोडून गेला तो काही काळापुरताच. तेव्हा ते गृहस्थही पुन्हा येतील असे धरून चालावे.

एक गोष्ट मला अजून बोचते. मत्तय म्हणतो की, परीक्षा संपल्यावर देवदूतांनी येऊन प्रभूची सेवा केली. पिंगळीच्या त्या बंधूच्या घरी अडचण आहे, हे आम्हां कोणासच ठाऊक नव्हते; मलाही नाही, आणि मी त्याचा पाळक. तो दर रविवारी आमच्याबरोबर बसत होता.

पुढील पाठ उत्पत्ती २५ मधील एसावाविषयी आहे. वाचून यावे, तोही भुकेलाच होता.