पावसातला दर्या आणि अंगावरचा कोट

नारळी पौर्णिमा आली, की आपल्या किनाऱ्यावर गडबड सुरू होते. दर्याला नारळ द्यायचा, होडीची पूजा करायची आणि मग मासेमारीला निघायचे, ही जुनी चाल. यांत्रिक नौकांसाठी आता सरकारी नियमही आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस त्यांना मासेमारी बंद असते. पण बंदी उठली म्हणून पाऊस थांबत नाही. ऑगस्टमध्ये सरीवर सर येते. दर्यावर वारा असतो. रात्री तर अंगात हुडहुडी भरते.

अशा दिवसांत दर्यावर जाणाऱ्याने अंगावर काय घालावे, हा आपला आजचा धडा आहे. तुम्ही म्हणाल, यात शिकायचे काय? दुकानात जावे, कोट घ्यावा. आम्हांलाही पूर्वी तसेच वाटे. पण एका रात्री आमचे डोळे उघडले. ती हकीकत आधी ऐका.

धक्क्यावरची रात्र

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर रात्रीचा वर्ग चालवीत होतो. वर्गात एक तरुण खलाशी येई. मोठा हौशी. तीन महिन्यांत तो अक्षरे लावून वाचू लागला. हंगाम सुरू होण्याआधी त्याने बाजारातून एक नवा रेनकोट आणला. निळा, चकचकीत आणि हलका. वर्गात येऊन तो आम्हांला म्हणाला, “गुरुजी, दुकानात पाटी होती. मी स्वतः वाचली. ‘पाणी शिरणार नाही. खात्री!’ असं लिहिलं होतं.”

त्याला वाचता आले, याचा आम्हांला आनंद झाला. आम्ही त्याची पाठ थोपटली. कोट मात्र आम्ही हातात घेऊनही पाहिला नाही.

पुढच्याच आठवड्यात तो दर्यावर गेला. रात्रभर पाऊस आणि वारा. पहाटे नौका धक्क्याला लागली, तेव्हा दोघांनी त्याला धरून उतरवले. तो आधी खूप कुडकुडला होता. मग त्याचे कुडकुडणे कमी झाले होते. बरोबरच्या पोरांना वाटले, बरे वाटत असेल. पण त्याला नीट बोलता येईना. जीभ जड झाली होती. बोटे वळत नव्हती. नाव विचारले तर तो नुसता पाहत राही.

एकाने दारूची बाटली पुढे केली. म्हातारे तांडेल ओरडले, “ती आधी बाजूला ठेव! दारूनं गरम वाटतं नुसतं. आतली ऊब बाहेर जाते.” त्यांनी त्याला आडोशाला नेले. ओले कपडे काढले. अंग हळूच टिपले, चोळले नाही. कोरड्या घोंगडीत त्याला गुंडाळले. डोकेही झाकले. एकजण डॉक्टरांना आणायला धावला. पोरगा शुद्धीवर आहे आणि त्याला गिळता येते, हे पाहून तांडेलांनी त्याला गरम गोड चहा घोटघोट पाजला. डॉक्टर आले, त्यांनी तपासले आणि धोका टळल्याचे सांगितले. तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

नंतर तांडेलांनी तो निळा कोट उलटा केला आणि दिव्यासमोर धरला. खांद्याच्या शिवणीवर बारीक बारीक ठिपके चमकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे सुईचे एक भोक. तांडेल आम्हांला म्हणाले, “गुरुजी, पोराला पाटी वाचायला शिकवलीत, चांगलं केलंत. आता शिवण वाचायलाही शिकवा.”

हा धडा त्यांच्याच सांगण्यावरून लिहिला आहे.

आपल्याकडे बर्फ नाही, मग गारठा कसा?

माणसाच्या शरीराची ऊब सुमारे ३७ अंश असते. ती ३५ अंशांच्या खाली गेली, की जिवाला धोका असतो. त्यासाठी बर्फच पडायला हवा, असे नाही. सारख्याच थंड हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. शिवाय ओल्या कपड्यावरून वारा वाहिला, की कपडा वाळता वाळता अंग गार होते. मडक्यातले पाणी गार होते, तसेच हे आहे. कोट गळका असेल, तर दर्यावरच्या माणसाचे मडके होते!

म्हणून कोटाची कामे दोन. पाणी अडवायचे आणि वारा अडवायचा.

कोटाची थोडी जुनी गोष्ट

पावसापासून अंग राखण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. भातलावणीला आपण इरले घेतो. बांबूच्या कामट्या, वर पाने. वाकून काम करणाऱ्याची पाठ त्याने कोरडी राहते. पण इरले घेऊन नौकेवर उभे राहून पाहा. वारा त्यात शिडासारखा भरेल! धनगराची घोंगडी उबदार खरी, पण भिजली की जड होते. म्हणजे प्रत्येक कामाचे पांघरूण वेगळे.

दर्यावरचा कोट थंड मुलखात तयार झाला. नॉर्वे देशाच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटे आहेत. तिथे जानेवारी ते एप्रिल या काळात कॉड नावाच्या मासळीचा मोठा हंगाम असतो. ऐन हिवाळ्यात, बर्फाच्या वाऱ्यात लोक जाळी ओढतात. अशा लोकांना नुसते जाड कापड पुरत नाही. म्हणून जुन्या काळी कापडाला जवसाचे तेल पाजून वाळवीत. असे पुन्हा पुन्हा केले, की पाणी अडवणारे मेणकापड तयार होई. नॉर्वेतच हेली हान्सेन नावाच्या एका जहाजाच्या कप्तानाने १८७७ साली असे कपडे करून विकायला सुरुवात केली. त्याची पत्नीही या धंद्यात त्याच्याबरोबर होती.

त्याआधी १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने दुसरी युक्ती काढली होती. त्याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर दिला. पाणी अडले, पण ते रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. पुढे रबरात गंधक मिसळून ते तापवले, की हा दोष जातो, असे कळले. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरला १८४४ साली या कृतीचे पेटंट मिळाले.

आज बाजारात बहुतेक कोट प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाचे असतात. त्यांतला पीव्हीसीचा जाड थर जड असतो, पण मासळीच्या कामाला टिकाऊ. तेल, रक्त, खवले लागले तरी धुतले की निघते. पीयूचा थर हलका आणि मऊ असतो. हात हलवायला बरा. तिसराही एक प्रकार आहे. त्यातून घामाची वाफ बाहेर जाते, पण पाणी आत येत नाही. तो डोंगर चढणाऱ्यांना उत्तम. पण मीठ आणि मासळीचे तेल त्यावर बसले, की वाफ नीट बाहेर जात नाही. किंमतही फार. म्हणून महाग तेच आपल्या कामाचे, असे समजू नका.

कोट वाचायला शिका

दुकानात गेलात, की घाई करू नका. रंग आणि चकाकी पाहून भुलू नका. या क्रमाने पाहा.

पहिली शिवण. कोट उलटा करा. उजेडासमोर धरा. सुईची भोके दिसली, तर पाणी तिथूनच येणार. कापड कितीही चांगले असो. चांगल्या कोटाची शिवण उष्णतेने चिकटवलेली असते, किंवा शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. पट्टीचे टोक नखाने हळूच उचलून पाहा. ती सहज सुटत असेल, तर तो कोट नको. खांदा, काख आणि टोपीचा जोड ही तीन ठिकाणे जरूर पाहा.

दुसरी बाही. जाळे ओढताना आपण हात वर करतो. मग पाणी मनगटातून कोपरापर्यंत उतरते. यासाठी बाहीच्या आत रबराची किंवा लवचिक अशी दुसरी घट्ट पट्टी असावी.

तिसरी पुढची बाजू. नुसत्या चेनमधून पाणी शिरते. चेनीवर कापडाची झडप हवी आणि झडपेला बटणे हवीत. चेन लोखंडी नको. खाऱ्या पाण्याने ती गंजते आणि ऐन वेळी अडते.

चौथे माप. कोट दुकानातच घालून पाहा. आत स्वेटर घालणार असाल, तर स्वेटर घालूनच पाहा. वाका. बसा. जाळे ओढतो तसे हात करा. पाठ उघडी पडते का? काखेत ताणते का? फार ढगळही नको. सैल बाही किंवा लोंबणारी नाडी विंचमध्ये अडकली, तर हात जाईल. नाड्या आत खोचता आल्या पाहिजेत.

पाचवी टोपी. टोपीला पुढे कड असावी, म्हणजे पाणी डोळ्यांत येत नाही. मान वळवली, की टोपीही वळली पाहिजे. नाहीतर बाजूचे काही दिसत नाही, आणि नौकेवर ते धोक्याचे.

सहावा रंग. इथे मात्र रंगाला महत्त्व आहे. निळा, हिरवा, राखी हे रंग दर्यात दिसत नाहीत. माणूस पाण्यात पडला, तर शोधणाऱ्याला पिवळा आणि नारिंगी हे रंग लांबून दिसतात.

घरी आलात, की पाण्याची परीक्षा घ्या. बाही उलटी करू नका. मनगटाकडचे तोंड घट्ट धरा. बाहीत तांब्याभर पाणी ओता. दहा मिनिटे थांबा. बाहेरून शिवणीवर कोरडा हात फिरवा. हात ओला झाला, तर कोट परत करा. त्यासाठी दुकानातून पावती मागून घ्या आणि परतीची अट आधीच वाचा. वाचायला शिकलो, ते यासाठीच.

नुसता कोट पुरत नाही

लाट आली, की पाणी कमरेखाली लागते. त्यासाठी छातीपर्यंत येणारी आणि खांद्यावर पट्टे असलेली विजार चांगली. विजारीचा पाय गमबुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचलात, तर सगळे पाणी बुटात भरेल. गमबूट थोडा सैल असावा. पाण्यात पडलात, तर झटकन काढता आला पाहिजे.

आत सुती कपडा एकदा भिजला, की ओलाच राहतो आणि अंगाला चिकटतो. लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते. म्हणून आत लोकरी किंवा लवकर वाळणारे कपडे घाला. प्लास्टिकच्या कोटात घामही साठतो. पाऊस थांबला, की गळ्याजवळ थोडे उघडा. घामाने भिजलेला माणूसही गारठतोच. बरोबर कोरड्या कपड्यांचा एक जोड घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवा.

आणि एक गोष्ट विसरू नका. कोट माणसाला तरंगवत नाही. कोटावरून लाइफ जॅकेट घालायलाच हवे.

कोटाची निगा

दर्यावरून आलात, की कोट गोड्या पाण्याने धुवा. सावलीत टांगून वाळवा. कडक उन्हात प्लास्टिक तडकते. डाग काढायला रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका. ओला कोट घडी करून ठेवू नका. बारीक चीर दिसली, तर त्याच दिवशी ठिगळ चिकटवा. सुईने शिवू नका. सुईने एक चीर बुजते, आणि दहा भोके पडतात.

तो तरुण खलाशी आज दुसऱ्या नौकेवर काम करतो. त्याच्याकडे नारिंगी कोट आहे. त्याने तो घेतला, तेव्हा आम्हीही बरोबर गेलो होतो. दुकानदार कोटाचे गुण सांगत होता. हा पठ्ठ्या काही न बोलता कोट उलटा करून दाराच्या उजेडाकडे गेला. दुकानदार म्हणाला, “अहो, काय पाहता?” तो म्हणाला, “वाचतोय.”

लक्षात ठेवा

१. पाण्याप्रमाणे वाराही अंगातली ऊब नेतो.
२. कापडाआधी शिवण पाहा.
३. कुडकुडणे थांबले, पण माणूस नीट बोलत नाही, तर तो बरा होत नाही; तो जास्त गारठला आहे. त्याचे ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा आणि डॉक्टरांना बोलवा.
४. गारठलेल्याला दारू देऊ नका, त्याचे अंग चोळू नका.

प्रश्न आणि हिशेब

१. दुकानातली पाटी खरी की खोटी, हे तांडेलांनी कसे ओळखले?
२. भातलावणीला इरले चालते. मग नौकेवर का चालत नाही?
३. समजा, एक कोट ५०० रुपयांचा आहे आणि तो एकच हंगाम टिकतो. दुसरा १,६०० रुपयांचा आहे आणि तो चार हंगाम टिकतो. एका हंगामाला कोणता कोट किती रुपयांना पडला? कोणता स्वस्त?
४. आज घरी जाऊन आपला कोट दिव्यासमोर धरा. काय दिसले, ते चार ओळींत लिहा आणि उद्या वर्गात वाचून दाखवा.