नावलौकिक : आधार की फास?

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात ‘अब्रू’ हा शब्द पैशापेक्षा जड मानला जातो. ‘पैसा गेला तर परत मिळवता येतो, नाव गेले की गेले’ असे वडीलधारी मंडळी सांगतात. परंतु हे नाव नेमके कोण देते आणि कोण काढून घेते, याचा विचार क्वचितच होतो.

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यांत आहे. बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवल्याचेही उल्लेख सापडतात. ठेव ठेवायची तर विश्वास हवा, आणि विश्वास कामातून मिळवलेल्या नावावर बसतो. येथे नाव हा समाजाचा आधार आहे.

याची दुसरी बाजू सतराव्या शतकातील अमेरिकेच्या प्युरिटन वसाहतींत दिसते. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून मतदानाचा हक्क चर्चच्या सदस्यांपुरता होता आणि सदस्यत्वासाठी आचरणाची पारख होई. त्यामुळे शेजाऱ्याचे मत हीच माणसाची किंमत ठरली. १६९२ साली सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी झाली. ज्यांनी खोटी कबुली दिली ते बहुतेक वाचले. ज्यांनी आपले नाव खोट्याने डागाळू दिले नाही ते मेले.

आपल्याकडेही असा प्रसंग घडला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळी व्याख्यानास गेली होती. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्काराच्या भयाने घरोघरी लग्न-मुंजींची पंचाईत झाली. अखेर मित्रांची अडचण पाहून रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांचे समाधान झाले, पण सुधारकांनी त्यांना दोष दिला. एका गटात नाव राखावे तर दुसऱ्यात जावे, अशी ही कोंडी होती.

सेलमपेक्षा पुण्यात दंड सौम्य होता, पण यंत्रणा तीच : जाहीर यादी, कुजबूज आणि कुटुंबावरचा दाब. असा बहिष्कार महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने, जो २०१७ पासून अमलात आला, गुन्हा ठरवला आहे. तरी कायदा लोकांची तोंडे बंद करू शकत नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. कष्टाने व सचोटीने मिळालेले नाव जपावे. लोकापवादाच्या भयाने मिळणारे नाव मात्र पारखून घ्यावे. विशेषतः एखाद्या मुलीच्या शिक्षणाचा वा लग्नाचा प्रश्न ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने निकालात काढला जातो, तेव्हा सुशिक्षितांनी गप्प बसू नये. आपण ज्याला अब्रू म्हणतो ती सचोटी आहे की नुसते भय, हे विचारण्याचे धैर्य शिक्षणाने दिले नाही, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय?