उशिरा शिकले, पण शिकले

रिचर्ड बॉइड यांची ही गोष्ट आपण वाचू या. १८४३ साली अमेरिकेत ते गुलाम म्हणून जन्मले. गुलामाला शाळेत कोण घालणार? १८६५ साली गुलामगिरी संपली. तेव्हा ते २२ वर्षांचे होते. मग ते लिहायला-वाचायला शिकले. बाप्टिस्ट पंथाचे पाद्री झाले.

काळ्या लोकांच्या रविवारच्या धर्मवर्गात गोऱ्यांनी छापलेली पुस्तके येत. आपली पुस्तके आपणच छापायची, असे बॉइडनी ठरविले. १८९६ साली नॅशव्हिल शहरात त्यांनी प्रकाशनाचा धंदा काढला. १९०४ साली सोबत्यांबरोबर बँक उघडली. नाव 'वन सेंट', म्हणजे एका पैशाची बँक! थेंबे थेंबे तळे साचे.

आता आपल्यालाही अक्षर आले. आपली पावती, आपले पासबुक आपणच वाचू या.